बरं वाटतं तेव्हाच्या गोळ्या

सिकलसेल, टीबी, बीपी, शुगर यांच्याबद्दल या पानावर पुष्कळदा लिहून झालं. आज ज्या आजाराबद्दल लिहिते आहे, त्याचं खरं नाव आपल्या वस्तीत सहसा कुणी घेत नाही. डोकं फिरलं, बाहेरचं लागलं, पोट्टा वाया गेला, सून नाटकं करते, अशा नावांनीच तो ओळखला जातो. डॉक्टर त्याला बायपोलर म्हणतात. मराठी पुस्तकांत द्विध्रुवीय विकार असं लिहिलेलं असतं. ओपीडीत मात्र बायपोलर हाच शब्द रुळला आहे, म्हणून मीही तोच वापरते.

अमरावतीच्या इर्विनमध्ये किंवा अकोल्याच्या सर्वोपचारमध्ये मानसोपचाराच्या ओपीडीबाहेर अर्धा तास बसून बघा. बायपोलरचा पेशंट कोणता, हे तुम्हाला ओळखता येणार नाही. बाकड्यावर पेपर वाचत बसलेला माणूस असेल, नाहीतर बाळाला पाजणारी बाई असेल. कारण हा आजार रोज दिसत नाही. येतो, काही आठवडे किंवा महिने राहतो आणि जातो. मधल्या काळात माणूस तुमच्या-माझ्यासारखा कामावर जातो, पोरांचा अभ्यास घेतो, लग्नात वाढप करतो. याच मधल्या काळात घरचे म्हणतात की झालं, बरा झाला. आणि गोळ्या बंद होतात.

वीस वर्षांपेक्षा जास्त काळ मी वॉर्डात आणि नंतर वस्त्यांमध्ये हा आजार पाहते आहे. एकदा बरा होऊन पुन्हा पडलेल्या पेशंटच्या घरी मी पहिला प्रश्न एकच विचारते, गोळ्या कधी बंद केल्या? बहुतेक वेळा उत्तर मिळतं की चार-सहा महिने झाले, चांगला होता म्हणून.

तेजी आणि मंदी

कापसाचा भाव जसा चढतो आणि पडतो, तसं या आजारात माणसाचं मन चढतं आणि पडतं. पण साधं खूश होणं किंवा साधं दुःखी होणं हे नव्हे. चढतं तेव्हा त्याला उन्माद म्हणतात. माणूस रात्री दोन-तीन तास झोपतो आणि तरीही सकाळी टवटवीत उठतो. बोलणं थांबत नाही, एका विषयावरून दुसऱ्यावर उडी जाते. गटाचं कर्ज उचलून जुनी गाडी घेतो, रात्री दोन वाजता मामाला फोन लावतो, मी आता आमदारकीला उभा राहतो म्हणून सांगतो. अडवलं की चिडतो, अंगावर येतो. कधी कानात आवाज येतात, आपल्याला काही मोठं काम नेमून दिलंय असं पक्कं वाटतं. हे आठवडाभर किंवा त्याहून जास्त टिकलं की डॉक्टर उन्मादाचा विचार करतात.

याची एक सौम्य पायरी असते आणि तीच घराला फसवते. माणूस जरा जास्त बोलतो, जास्त काम करतो, हसवतो, सगळ्यांना आवडतो. आई म्हणते, किती दिवसांनी माझं लेकरू हसलं. तिला कसं सांगायचं की बाई, हे हसू जरा तपासून घे? पण सांगावं लागतं.

मंदी ही दुसरी बाजू. अंथरूण सोडवत नाही, अंघोळ नको वाटते, जेवण मातीसारखं लागतं. मी सगळ्यांवर ओझं आहे, मेलेलं बरं, असे विचार येतात. दोन आठवड्यांपासून कित्येक महिने हे चालतं. आयुष्यभराचा हिशेब मांडला तर बहुतेक पेशंट तेजीपेक्षा मंदीतच जास्त दिवस काढतात. घराला मात्र तेजी लक्षात राहते, कारण तमाशा तिचा होतो. मंदीत माणूस कोपऱ्यात पडून असतो आणि त्याला आळशी ठरवलं जातं.

आजार सुरू होतो बहुधा सतराव्या-अठराव्या वर्षापासून पंचविशीपर्यंत. म्हणजे बारावी, कॉलेज, पोलीस भरती, एमपीएससीची लायब्ररी, लग्न, पहिलं बाळंतपण, नेमक्या त्याच वर्षांत. २०१५-१६ साली देशातल्या १२ राज्यांत राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण झालं. महाराष्ट्र त्यात नव्हता, शेजारचे मध्य प्रदेश, छत्तीसगड आणि गुजरात होते. त्या सर्वेक्षणात हजार प्रौढ माणसांमागे पाच जणांना आयुष्यात कधी ना कधी बायपोलर झालेला आढळला. आणि ज्यांना तो होता त्यांच्यातल्या दहापैकी सात जणांना उपचार मिळत नव्हते. हजार प्रौढ माणसं म्हणजे आपल्या एखाद्या मध्यम वस्तीएवढी. तुमच्या वस्तीत अशी माणसं आहेत, असं धरूनच चाला.

आधी उदासीच दिसते

अनेकांचा आजार मंदीपासून सुरू होतो आणि तिथेच एक गफलत होते. आपल्याच अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांमध्ये ‘विश्राम’ नावाचा प्रकल्प झाला. गावातल्याच कार्यकर्त्यांनी घरोघरी जाऊन नैराश्याबद्दल लोकांशी बोलणं, धीर देणं, गरज असेल तर डॉक्टरपर्यंत नेणं, असं त्याचं काम होतं. त्याचा अहवाल २०१७ साली ‘लॅन्सेट सायकियाट्री’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. नैराश्य असलेल्यांपैकी मदत घेणाऱ्यांचं प्रमाण आधी ४.३ टक्के होतं, ते दीड वर्षात २७.२ टक्क्यांवर गेलं. वऱ्हाडातला माणूस मनाचं दुखणं बोलत नाही, असं म्हणणाऱ्यांना मी हे आकडे नेहमी सांगते. दारात येऊन कुणी नीट विचारलं तर माणूस बोलतो.

पण उदासीचा पेशंट डॉक्टरकडे गेला की एक गोष्ट घरच्यांनी स्वतःहून सांगायला हवी. याआधी कधी तो झोपेशिवाय भरमसाट बोलत, पैसे उडवत, भांडत फिरला होता का? घराण्यात कुणाला असं होत होतं का? हे कळलं नाही तर डॉक्टर नुसती उदासीची गोळी लिहून देतील. बायपोलरच्या माणसाला ती गोळी एकटी दिली तर तो कधीकधी मंदीतून थेट तेजीत जाऊ शकतो. ओपीडीत पेशंटच्या वाट्याला पाच-सात मिनिटं येतात. तेवढ्यात त्याला जुनं काही आठवत नाही, आठवलं तरी सांगायची लाज वाटते. म्हणून सोबत गेलेल्यानं बोलायचं.

लिथियम, मीठ आणि मे महिना

बायपोलरच्या औषधांत सर्वांत जुनं आणि आजही सर्वांत भरवशाचं औषध म्हणजे लिथियम. ऑस्ट्रेलियातले डॉक्टर जॉन केड यांनी १९४९ साली उन्मादाच्या पेशंटवर त्याचा गुण दाखवून दिला. लिथियम हा एक क्षार आहे, मिठाच्या भावकीतला म्हणा ना. स्वस्त आहे. तेजी आणि मंदी दोन्ही परत येण्यापासून थोपवतो, आणि आत्महत्येचा धोका कमी करणारं औषध म्हणूनही त्याचं नाव आहे. ही झोपेची गोळी नाही आणि तिची नशाही लागत नाही. “सिस्टर, सवय तं नाही लागणार न?” असं मला रोज कुणीतरी विचारतं. शुगरच्या गोळीची जेवढी सवय लागते तेवढीच हिची लागते.

मात्र लिथियम फार मोजून घ्यायचं औषध आहे. रक्तातली त्याची पातळी साधारण ०.६ ते १.० च्या दरम्यान ठेवतात. कमी झाली तर गुण नाही, जास्त झाली तर विषबाधा. यासाठी रक्त तपासतात आणि ते शेवटच्या गोळीनंतर बारा तासांनी द्यायचं असतं. रात्री नऊला गोळी घेतली असेल तर सकाळी नऊला रक्त द्यायचं आणि सकाळची गोळी त्यानंतर घ्यायची. सोबत दर सहा महिन्यांनी किडनी आणि थायरॉइडची तपासणी होते. लिथियमची तपासणी तुमच्या सरकारी दवाखान्यात होते का, ते आधीच विचारून ठेवा. बाहेरच्या लॅबमध्ये करावी लागली तर पैसे लागतील. पण ही तपासणी टाळू नका.

आता वऱ्हाडाची गोष्ट. अकोल्याचा पारा मे महिन्यात ४५ च्या वर जातो. घाम येतो, अंगातलं पाणी आणि मीठ कमी होतं. मीठ कमी पडलं की किडनी ते धरून ठेवायला लागते, आणि त्याच्यासोबत लिथियमही धरून ठेवते. म्हणजे जी गोळी जानेवारीत बरोबर बसत होती, तीच मे महिन्यात जड होऊ शकते. बांधकामावर, वीटभट्टीवर, धुऱ्यावर काम करणाऱ्याला हा धोका ऑफिसात बसणाऱ्यापेक्षा कितीतरी जास्त. औषधाच्या डब्यात येणारी इंग्रजी चिठ्ठी हे समजावून सांगत नाही.

म्हणून उन्हाळ्यात पाणी, मीठ घातलेलं ताक, लिंबू-मीठ-साखरेचं पाणी सुरू ठेवायचं. लिथियम घेणाऱ्यानं डॉक्टरला न विचारता मीठ एकदम बंद करू नये आणि एकदम वाढवूही नये. हगवण-उलटी लागली तर त्याच दिवशी दवाखान्याला कळवायचं. आणि अंगदुखीसाठी मेडिकलमधून स्वतःच्या मनानं गोळी घ्यायची नाही. आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक यांसारख्या दुखण्याच्या गोळ्या रक्तातलं लिथियम वाढवतात. बीपीच्या काही गोळ्याही वाढवतात, म्हणून दोन डॉक्टरांकडे जात असाल तर दोघांनाही दोन्ही चिठ्ठ्या दाखवा. ताप-अंगदुखीला काय घ्यायचं, ते लिथियम देणाऱ्या डॉक्टरकडूनच लिहून घ्या.

हात जोरात थरथरायला लागले, उलट्या-जुलाब होऊ लागले, चालताना झोक जायला लागला, जीभ जड झाली, माणूस गोंधळल्यासारखा करू लागला, तर पुढची गोळी न देता लगेच मोठ्या दवाखान्यात न्यायचं आणि गेल्याबरोबर सांगायचं की लिथियम चालू आहे. उन्हाळ्यात अशा पेशंटला ऊन लागलं किंवा दारू प्याला समजून घरीच झोपवून ठेवतात, त्यात जीव जाऊ शकतो.

बाकी औषधंही आहेत. काहींनी वजन आणि शुगर वाढते, ते बघावं लागतं. वजन वाढलं म्हणून गोळी फेकून देण्यापेक्षा डॉक्टरला सांगून बदलून घेता येते. व्हॅल्प्रोएट नावाच्या गोळीचा मुद्दा वेगळा आहे. पोटातल्या बाळाला तिच्यापासून मोठा धोका असतो, म्हणून मूल होण्याच्या वयातल्या मुलीला-बाईला ती लिहून दिली असेल तर डॉक्टरशी स्पष्ट बोला. पण स्वतःच्या मनानं एकदम बंद करू नका.

झोपेची वही

अकोल्यात एका डाळ मिलमध्ये काम करणारे एक दादा आहेत. चोविसाव्या वर्षी पहिली तेजी आली. पहिल्या पाच वर्षांत तीनदा भरती करावं लागलं, तिन्ही वेळा आधी गोळ्या सुटलेल्या. “मले आता काईच होत नाही, मंग ह्या गोळ्या कायले खाऊ?” हा त्यांचा ठरलेला प्रश्न. त्यांच्या बायकोनं मुलीची उरलेली शंभर पानी वही घेतली आणि रोज एक ओळ लिहायला सुरुवात केली. रात्री किती तास झोपले, गोळी घेतली का, दिवस कसा गेला. ताई चौथी शिकलेल्या, पण त्यांची वही बघून वॉर्डातल्या डॉक्टरांनी पहिल्यांदा त्यांना खुर्ची दिली. त्या वहीतून एक गोष्ट बाहेर आली. प्रत्येक तेजीच्या आठ-दहा दिवस आधी झोप सहा तासांवरून पाचवर, मग चारवर आली होती. बोलणं आणि भांडण त्यानंतर. आता झोप दोन रात्री पाच तासांच्या खाली गेली की तिसऱ्या दिवशी दोघं ओपीडीत जातात. त्यानंतरच्या आठ वर्षांत एकदाच भरती व्हावं लागलं.

हे प्रत्येकाच्या बाबतीत असंच होईल असं नाही. गोळ्या नीट घेऊनही काहींना झटका येतो, तो त्यांचा दोष नव्हे. पण झोप हा या आजारातला पहिला निरोप असतो, आणि तो वाचायला मशीन लागत नाही.

झोप कमी होणं हे आजाराचं लक्षण आहे, तसंच ते आजाराला बोलावणंही आहे. म्हणून आपल्या सणा-समारंभांबद्दल बोलावंच लागेल. १४ एप्रिलच्या आधीचे आठ दिवस वस्तीत कोण झोपतं? वर्गणी, झेंडे, देखावा, डीजे, रात्रभर रॅली. त्यात एप्रिलचा उकाडा. कार्यकर्ता पोरगा तीन रात्री जागतो, लोक त्याची पाठ थोपटतात, आणि चौथ्या दिवशी तो उतरतच नाही. जयंतीला जाऊ नको असं मी कुणालाच म्हणणार नाही, म्हणूही शकत नाही. पण मंडळाच्या पोरांनी एवढं करावं. ज्याला हा आजार आहे त्याला दिवसाचं काम द्यावं, आणि रात्री अकराला कुणीतरी त्याला घरी सोडून यावं. ६ डिसेंबरला मुंबईला किंवा दीक्षाभूमीला जाताना गोळ्या सामानात न ठेवता खिशात ठेवाव्यात, कारण गर्दीत आधी सामान हरवतं. लग्नाच्या हळदीची रात्र, मयताची रात्र, एमआयडीसीतली रात्रपाळी, सगळ्यांना हाच नियम. रात्रपाळी टाळण्यासाठी डॉक्टर चिठ्ठी लिहून देऊ शकतात, मागा. देशी दारू आणि गांजा या आजारात काय करतात, ते ज्यांच्या घरात घडलंय त्यांना विचारा. मी वेगळं लिहीत नाही.

माहेरी परत पाठवलेली सून

एक गोष्ट लिहिताना मला राग येतो, तो लपवत नाही. नवरा आजारी असेल तर बायको वीस वर्षं त्याच्या गोळ्या सांभाळते. बायको आजारी पडली की सहा महिन्यांत तिला माहेरी आणून सोडतात आणि वर म्हणतात, आम्हाला फसवलं. फसवलंही जातं, खरं आहे. लग्न केलं की पोरगी सुधारेल म्हणून आजार लपवून लग्न लावतात. लग्न हे बायपोलरचं औषध नाही. नवी जागा, जागरण, सासरची धास्ती, आणि कुणाला कळू नये म्हणून लपवलेल्या, म्हणजे शेवटी न घेतलेल्या गोळ्या. दोन महिन्यांत आजार उठणारच. आधी सांगून झालेली लग्नं मी पाहिली आहेत आणि ती टिकलेली पाहिली आहेत. निदान सुनेच्या हातात गोळीची पट्टी उघडपणे असते.

बाळंतपणाचं तर विचारूच नका. बाळंतपणानंतरचे पहिले काही आठवडे बायपोलर असलेल्या बाईसाठी आयुष्यातले सर्वांत जोखमीचे असतात. आणि नेमकी तेव्हा ती पहिलटकरीण म्हणून माहेरी असते. गोळ्यांची सवय सासरच्यांना असते, माहेरची आई म्हणते दूध पाजतेस ना, मग गोळ्या कशाला. रात्रभर बाळ झोपू देत नाही. तिसऱ्या-चौथ्या दिवशी बाई भलतंच बोलायला लागते आणि घरात कुणीतरी ‘बाळंतिणीला लागलं’ म्हणतं. पोटात बाळ राहण्याआधीच डॉक्टरशी बोलून कोणती गोळी चालू ठेवायची ते ठरवा. डफरीनला किंवा लेडी हार्डिंगला नाव नोंदवतानाच हा आजार सांगा. रात्रीचं बाळ आजीनं किंवा मावशीनं घ्यावं, म्हणजे आईला सलग पाच-सहा तास झोप मिळेल.

या घरांतली मुलंही सोसतात. मुंबईचे लेखक जेरी पिंटो यांची ‘एम अँड द बिग हूम’ ही २०१२ ची कादंबरी त्यांच्या आईच्या याच आजारावर बेतलेली आहे. माहीमच्या छोट्या फ्लॅटमध्ये ते वाढले. हेच पिंटो पुढे दया पवारांचं ‘बलुतं’ इंग्रजीत घेऊन गेले. आई आज कशी असेल या विचारात शाळेतून घरी येणारं लेकरू आपल्याही वस्तीत आहे. त्याला समोर बसवून सांगा की हा आजार आहे, तुझ्यामुळे झालेला नाही. आठ वर्षांच्या मुलाला हे समजतं.

भगत, साखळी आणि कायदा

देव सोडले असं आपण म्हणतो. पण घरात कुणी रात्री-बेरात्री ओरडायला लागलं की मागच्या दारानं भगत येतो. कुणी सैलानीला घेऊन जातं. मी हे चौदा-पंधरा घरांत तरी पाहिलं आहे आणि त्यात समता सैनिक दलाची घरंही होती. घाबरलेल्या माणसाशी मी भांडत नाही. पण दोन गोष्टी ठामपणे सांगते. एक, गोळी एक दिवसही बंद होता कामा नये. दोन, बांधायचं नाही, मारायचं नाही, मिरचीचा धूर द्यायचा नाही.

२००१ च्या ऑगस्टमध्ये तमिळनाडूत एरवाडी इथं एका दर्ग्याजवळच्या झोपड्यांना आग लागली. तिथं ठेवलेले मनाचे रुग्ण साखळीनं बांधलेले होते. २८ जण जळून गेले, पळता आलं नाही. आज २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानं साखळीला पूर्ण बंदी आहे. महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात भूत उतरवण्याच्या नावाखाली बांधणं आणि मारणं हा गुन्हा आहे, त्याला सहा महिने ते सात वर्षं शिक्षा आहे.

याच २०१७ च्या कायद्यातली एक तरतूद बायपोलरच्या माणसासाठी फार कामाची आहे आणि आपल्याकडे जवळजवळ कुणीच वापरत नाही. माणूस बरा असताना स्वतः लिहून ठेवू शकतो की मी पुन्हा आजारी पडलो तर माझ्यावर कसे उपचार करा, कसे करू नका, आणि माझ्या वतीनं कुणी बोलायचं. याला आगाऊ निर्देश म्हणतात. साध्या कागदावर लिहिता येतो, सही आणि साक्षीदार लागतात, आणि मानसिक आरोग्य पुनरावलोकन मंडळाकडे त्याची नोंद करायची असते. कागदपत्र जड वाटत असेल तर घरातल्या घरात तरी ठरवा. झोप चार तासांवर आली की एटीएम कार्ड, गाडीची चावी आणि फोनवरचे कर्जाचे ॲप कुणाच्या ताब्यात जातील? हे तेजीत विचारलं तर मारामारी होते. चांगल्या महिन्यात चहा पिता पिता विचारलं तर माणूस स्वतःच नाव सांगतो.

आजारामुळे काम टिकत नसेल तर २०१६ च्या दिव्यांग कायद्यात मानसिक आजार २१ प्रकारांपैकी एक आहे. ४० टक्के किंवा त्याहून जास्त प्रमाणपत्र मिळालं तर यूडीआयडी कार्ड होतं आणि संजय गांधी निराधार योजनेसाठी अर्ज करता येतो. मूल्यांकनात काम, स्वतःची काळजी, लोकांशी वागणं हे बघतात. त्या दिवशी पेशंट बरा असला तर टक्के कमी मिळतात. म्हणून मागच्या दोन वर्षांच्या भरतीचे कागद आणि ती वही सोबत ठेवा.

मरणाचं बोलणं

बायपोलरमध्ये आत्महत्येचा धोका मोठा असतो. मंदीत असतोच, आणि मंदीतून वर येताना, अंगात जरा ताकद आली की, तेव्हाही असतो. ‘जीव द्यावासा वाटतो का’ असं विचारल्यानं त्याच्या डोक्यात तो विचार घातला जात नाही. उलट बोलायला वाट मिळते. विचारा. हो म्हणाला तर एकटं सोडू नका. फवारणीचं औषध घरात असेल तर शेतमालकाकडे किंवा शेजारी ठेवा. मानसिक आजाराच्या गोळ्याही आठवड्याच्याच घरात ठेवा, बाकीच्या भावाकडे किंवा बहिणीकडे. आत्महत्येचा प्रयत्न केलेल्या माणसाला पोलीस पकडतील ही भीती अजून आहे. २०१७ च्या कायद्यानं असा माणूस अतिशय तणावात होता असंच धरलं जातं आणि त्याला शिक्षा होत नाही. दवाखान्यात उशीर करू नका. रात्री कुणी नसेल तर १४४१६ हा टेलिमानसचा नंबर आहे. २०२२ पासून सुरू आहे, चोवीस तास, फुकट, मराठीतही बोलतात.

ओपीडीत जाताना

जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमात तपासणी आणि औषधं मोफत आहेत. गरज पडली तर पुढे नागपूरच्या प्रादेशिक मनोरुग्णालयात पाठवतात. अमरावतीहून ते दीडशे आणि अकोल्याहून अडीचशे किलोमीटर आहे, म्हणून बहुतेक उपचार जिल्ह्यातच व्हावेत अशी खटपट करा. ओपीडीचा वार आधी विचारून घ्या, मजुरी वाया जात नाही. आधार कार्ड, जुने सगळे कागद आणि गोळ्यांच्या रिकाम्या पट्ट्या एका पिशवीत ठेवा. गोळी संपायच्या आठ दिवस आधी जा. काउंटरवर एखादी गोळी नाही म्हणाले तर तसंच घरी परत येऊ नका. पुन्हा डॉक्टरकडे जा आणि त्याऐवजी काय चालेल ते लिहून घ्या. आणि सोबत रात्री त्याच्याजवळ झोपणारं माणूस न्या. किती वाजता डोळा लागला, हे फक्त तेच सांगू शकतं.